हलक्या कानाचा राघोभरारी

१९८९ च्या पावसाळ्यात माझी बदली कळवणच्या शाखेत झाली. नाशिकहून सकाळची लाल गाडी धरली, वणी मागे टाकली, सप्तशृंगीच्या गडाला गाडीतूनच हात जोडले आणि गिरणेच्या खोऱ्यात उतरलो. शाखा लहान होती. पीककर्ज, विहिरीची कर्जे, कांद्याचे पैसे आणि शिक्षकांचे पगार एवढाच कारभार. पाऊस उघडला की दक्षिणेला सातमाळ्याची रांग स्वच्छ दिसे. तिच्यात एक डोंगर वेगळाच. माथ्यावर उभी कातळभिंत आणि त्या भिंतीला मधेच एक खिंडार, जणू कुणी दात पाडून ठेवला आहे. तो कोणता डोंगर, असे मी एका म्हाताऱ्या खातेदाराला विचारले. ओतूरकडचा माणूस. तो म्हणाला की तो धोडप, तिथेच पेशव्याच्या काकाला पुतण्याने धरला होता.

'धरला' हा शब्द त्याने अगदी सहज वापरला. पण मराठी माणसाला पेशव्यांचा काका म्हटले की 'धरणे' या क्रियापदाच्या पाठोपाठ 'मारणे' आठवतेच. 'ध' चा 'मा' करणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार होऊन बसला आहे. त्या वाक्प्रचारामागे एक बाई उभी केलेली आहे, आनंदीबाई. नवऱ्याने पुतण्याला धरावे असे लिहिले आणि बायकोने एका अक्षराची खाडाखोड करून मारावे असे केले, ही गोष्ट आपण सगळेच शाळेच्या आधी ऐकतो.

मी बँकेत सत्तावीस वर्षे काढली आणि त्यांतली बरीच वर्षे खाडाखोड तपासण्यात गेली. त्या काळी धनादेशावर एक अंक जरी बदललेला असला तरी तिथे खातेदाराची पूर्ण सही लागत असे. सही नसली तर धनादेश परत जाई. म्हणून ही गोष्ट ऐकली की माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो आणि विचारतो, तो मूळ कागद कुठे आहे? तो कागद आज कुणाच्या दप्तरात नाही. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत आहे, आणि अक्षर आनंदीबाईनेच बदलले असा सर्वसाधारण समज असल्याचे तो नोंदवतो. समज म्हणजे पुरावा नव्हे. मग या सगळ्यात खरा खलपुरुष कोण, हा प्रश्न माझ्या मनात कळवणच्या त्या खिडकीत शिरला आणि आजवर निघालेला नाही. त्यासाठी त्या काकाचे आयुष्यच एकदा पहिल्यापासून पाहावे लागते.

रघुनाथराव जन्मला १७३४ साली, साताऱ्याजवळ माहुलीला. बाप थोरला बाजीराव, आई काशीबाई. बापाची कीर्ती अशी की ती मुलांच्या वाट्याला सावलीसारखी यावी. पण बाप स्वतः वाट्याला फारसा आला नाही. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचाही नव्हता. पेशवाईची वस्त्रे थोरल्या भावाला, नानासाहेबाला मिळाली. त्यात अन्याय काही नव्हता. थोरल्याचा मान थोरल्याला, ही घरोघरची रीत. पण दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या मनात एक हिशेबाची वही लहानपणीच उघडली जाते. तिच्यात थोरल्याला काय मिळाले आणि मला काय, एवढीच दोन सदरे असतात.

तरवारीच्या बाबतीत मात्र हा मुलगा बापावर गेला होता. विशीतच उत्तरेच्या मोहिमेचे सेनापतिपद त्याच्याकडे आले. १७५४ साली जाटांच्या कुंभेरीला वेढा पडला तोही त्याच्याच मोहिमेत. त्याच वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव होळकर पडला आणि अहिल्याबाई विधवा झाली. पुढच्या मोहिमेत तर कमाल झाली. १७५८ च्या एप्रिलमध्ये मराठ्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे अटकेपर्यंत जाऊन भिडल्या. आजही आपण एखाद्याने अटकेपार झेंडे लावले म्हणतो, ते याच मोहिमेवरून. लोकांनी त्याला नाव दिले राघोभरारी. चोवीस वर्षांच्या माणसाला याहून मोठे काय मिळायचे?

पण भरारी मारणाऱ्याला खाली जमाखर्च दिसत नाही. पंजाब त्याने वर्षाला पंच्याहत्तर लाख रुपयांच्या खंडणीच्या बोलीवर अदिना बेगाच्या हाती सोपवला आणि परत फिरला. त्याच वर्षी अदिना बेग वारला. कर्जदारच गेला, जामीन कुणी नाही, तारण तर नाहीच. आमच्या भाषेत हे खाते पहिल्याच वर्षी बुडीत निघाले. पुण्याला पोचला तो खजिना घेऊन नव्हे, कर्ज घेऊन. चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ हिशेबाचा कडक. त्याने जाब विचारला. पुढच्या वेळी अब्दालीवर जायची वेळ आली तेव्हा मोहीम भाऊकडे गेली आणि राघोबा दक्षिणेत राहिला. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते सांगायला नको. राघोबा वाचला तो अपमानामुळे. पण अपमानामुळे वाचलेला माणूस अपमानाचे उपकार मानत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेला. घरात वडीलधारा पुरुष आता एकच, रघुनाथराव. आणि वस्त्रे मिळाली सोळा वर्षांच्या माधवरावाला. पुन्हा रीत तीच, थोरल्याचा वारस थोरला. वहीतल्या दुसऱ्या सदरात पुन्हा शून्य.

इथे मला थोडे नाटकाकडे वळले पाहिजे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त इयागो नावाचा जो खलपुरुष आहे, तो मराठी प्रेक्षकाला परका नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' रंगभूमीवर आणला तेव्हाच तो आपल्याकडे येऊन राहिला. पुढे आमच्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' मराठीत आणले. या इयागोची करामत कशात आहे? तो तरवार उचलत नाही, कागद लिहीत नाही, मोठ्याने बोलतसुद्धा नाही. बढती हुकली म्हणून तो धन्यावर चिडलेला आहे, पण धन्याला वाटते याच्याइतका प्रामाणिक माणूस दुसरा नाही. तो फक्त अर्धे वाक्य बोलतो. उरलेले अर्धे धनी स्वतः पुरे करतो आणि म्हणून ते त्याला स्वतःचेच वाटते. ऐकणाऱ्याच्या मनात जी भीती किंवा जी हाव आधीपासून आहे, तिलाच इयागो हळूच हाक मारतो. शेवटी खून धन्याच्या हातून होतो. इयागोचे हात बऱ्याच वेळापर्यंत स्वच्छच असतात.

राघोबाच्या भोवती असे अर्धवाक्ये बोलणारे किती जमले होते! माधवराव वयाने लहान, पण कारभार स्वतःच्या हाती घेऊ लागला होता. ज्यांची जुनी वतने आणि जुने वजन त्यामुळे धोक्यात आले, त्यांना दुसरा धनी हवा होता. सखारामबापू बोकील हा त्या काळचा बुद्धिमान मुत्सद्दी, काकाकडचाही आणि पुतण्याकडचाही. कोणत्या दिवशी कोणाकडचा, ते त्याचे त्यालाच ठाऊक. तुम्ही असताना पोराने कारभार करावा, हे राघोबाला कुणीतरी सांगावेच लागत नव्हते. नुसता सुस्कारा टाकला तरी पुरे होता. माणूस शूर, उदार, पण कानाचा हलका. ज्याच्या मनात तक्रार कायमची बसलेली असते, त्याचा कान हलकाच असतो.

१७६२ च्या नोव्हेंबरात काका चक्क निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून गेला. घोडनदीजवळ आळेगावला माधवरावाची बाजू पडली. तेव्हा या सतरा वर्षांच्या मुलाने जे केले ते थोरामोठ्यांना सुचले नसते. तो सरळ काकाच्या छावणीत जाऊन त्याच्या स्वाधीन झाला. घर फुटू नये म्हणून स्वतः वाकला. राघोबाला हवी ती सत्ता मिळाली आणि तिचे त्याने काय केले? जुनी माणसे काढली, आपली बसवली, मिरज पटवर्धनांकडून घेतली. दुखावलेले लोक निजामाला मिळाले आणि १७६३ साली त्याच निजामाने पुण्यावर येऊन शहर लुटले, जाळले. १० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा पुरता मोड झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि त्या दिवसाने माधवरावाला पुन्हा पेशवा केले. काका पुन्हा दुसऱ्या नंबरवर.

मग तो आमच्या भागात आला. नाशिकला लागून गोदावरीकाठी चौंढस नावाचे गाव होते. तिथे राघोबाने वाडा बांधला आणि गावाला बायकोचे नाव दिले, आनंदवल्ली. आज तिथे नवश्या गणपतीला रविवारी सकाळी गर्दी असते, आणि त्या देवाची परंपरा राघोबा-आनंदीबाईच्या नवसाशी जोडलेली आहे. ही आनंदीबाई गुहागरकडच्या ओकांची मुलगी. पहिली बायको जानकीबाई गेल्यावर १७५६ साली त्याने हे लग्न केले तेव्हा ती अजून मूलच होती. पुढे ती लिहिती-वाचती, मानी आणि तोंडाने तिखट झाली, हे खरे. पण राघोबाच्या मनातली वही तिने उघडलेली नव्हती. ती या घरात आली तेव्हा वहीची कित्येक पाने आधीच भरलेली होती. गंमत अशी की आनंदवल्लीच्या शेजारीच गंगापूर आहे, आणि माधवराव-नारायणरावांची आई गोपिकाबाई पुण्याहून रुसून येऊन तिथे राहिली होती. एकाच नदीच्या काठी दोन जावा, एकीला मुलाचे राज्य सांभाळायचे होते, दुसरीला नवऱ्याचा मान.

१७६८ मध्ये राघोबाने पुन्हा फौज जमवली. होळकरांचा दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड त्याला सामील, दमाजी गायकवाडाने मुलाबरोबर कुमक धाडलेली, नागपूरकर भोसल्यांची आशा. त्याच साली त्याने अमृतरावाला दत्तक घेतले. म्हणजे आता प्रश्न नुसत्या मानाचा राहिला नव्हता, वारशाचा झाला होता. छावणी पडली कळवण-चांदवडच्या सीमेवर, याच धोडपच्या पायथ्याशी. भोसल्यांची फौज येऊन मिळण्याआधीच माधवरावाने झपाट्याने येऊन १० जूनला हल्ला केला. काकाचा मोड झाला. तो किल्ल्यावर चढला आणि शेवटी खाली उतरून पुतण्याच्या हाती आला. ज्यांनी चढवले होते त्यांतला एकही त्या दिवशी त्याच्या मागे उभा नव्हता. अटकेपर्यंत गेलेला सेनापती धोडपहून पुण्याला कैदी होऊन गेला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिला.

माझ्या त्या खिडकीतून मी रोज हा डोंगर बघत असे आणि त्याच खोलीत, त्याच काळात, मी स्वतः एक धोडप केला. ते इथे सांगणे भाग आहे.

शाखेत एक रोखपाल होता. अबोल, जरा फटकळ, कामाला चोख. आणि दुसरा एक सहकारी होता, ज्याच्यावर सगळ्यांचा जीव. माझे बिऱ्हाड लागायचे होते तेव्हा त्याच्या घरून डबा येई. तो कधी कुणाची चहाडी करत नसे. फक्त एखादे दिवशी व्हाउचर लावता लावता म्हणे की आज रोखपाल साहेब उशिरापर्यंत बसले होते वाटते. मी विचारले, का? तर तो म्हणे की जाऊ द्या, आपल्याला काय करायचे. असे दोन महिने चालले. मग एका संध्याकाळी रोकड दोन हजारांनी कमी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोखपालाने ती भरून टाकली आणि कारण काही सांगितले नाही. मी वरच्या कार्यालयाला गोपनीय पत्र लिहिले. चोरी केली असे लिहिले नाही. तसे मला म्हणायचेही नव्हते. त्यांच्यावर देखरेख असावी, एवढेच लिहिले. महिन्याभरात त्या माणसाची लांबच्या जिल्ह्यात बदली झाली, रोखीचे काम काढून घेतले गेले, त्याबरोबरचा भत्ता गेला आणि नावाला डाग लागला. त्याच्या जागेवर, त्याच भत्त्यावर, तो डबा देणारा सहकारी बसला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात मला कळवणचा एक शेतकरी भेटला. बोलता बोलता त्याने सांगितले की एकदा बँकेत त्याला दोन हजार जास्त गेले होते. त्याने आठवड्याने ते परत नेले तर रोखपालाने सांगितले की मी माझ्या खिशातून भरले आहेत, शाखेत बोलू नका, माझी चूक होती. मी त्या लग्नात जेवलो नाही. नंतर त्या रोखपालाचा पत्ता काढला, तेव्हा तो हयात नव्हता.

तेव्हापासून मी 'ध' चा 'मा' कुणी केला हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारतो. माझ्या पत्रात कुणी एक अक्षरही बदलले नव्हते.

आता पुण्याकडे वळू. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने गेला. जाण्यापूर्वी त्याने काकाशी मिटवले आणि धाकट्या भावाला, नारायणरावाला, त्याच्या हाती दिले. नारायणराव सतरा वर्षांचा, तापट, उतावळा. पहिले काही महिने बरे गेले, मग काका पुन्हा वाड्यात नजरकैदेत. पुतण्याही कानाचा हलकाच होता, हे विसरून चालणार नाही. त्याच्या कानाशीही माणसे होती. काकाचे फिरणे, भेटणे, त्याची उपासना, सगळ्यावर बंधने आली. चाळिशीला टेकलेला सेनापती अंगणात सूर्याकडे पाहत उभा राही.

वाड्यावर पहारा गारद्यांचा. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग असे त्यांचे म्होरके. त्यांचे पगार थकलेले. राघोबाच्या बाजूच्या माणसांनी त्यांना गाठले. मोठ्या रकमेची बोली झाली आणि कैदेतल्या काकाने एक कागद दिला. त्या कागदात पुतण्याला धरावे एवढेच होते, असे पुढे तो म्हणत राहिला.

३० ऑगस्ट १७७३. वाड्यात गणपती बसलेला. नारायणरावाला सकाळीच कुणकुण लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना गारद्यांवर नजर ठेवायला सांगितले. हरिपंत जेवणाच्या आमंत्रणाला गेले आणि बंदोबस्त राहून गेला. मोठमोठी संकटे अशी जेवणाच्या वेळी येतात. दुपारी गारदी पगाराचा गलका करीत आत घुसले. पोरगा धावत काकाच्या खोलीत गेला आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. काकाला मारलेली ती हाक पुण्याच्या लोकांना शनिवारवाड्यात अजून ऐकू येते म्हणतात. त्या क्षणी राघोबाने गारद्यांना आवरण्याचा प्रयत्न केला, असे वर्णन आहे. पण गारदी आता थांबायला तयार नव्हते. अर्ध्यावर सोडले तर त्यांचेच मरण होते. तुळाजी पवाराने त्याला काकापासून ओढले. चापाजी टिळेकर नावाचा एक निःशस्त्र सेवक मधे पडला, धन्याला मिठी मारून राहिला, आणि दोघेही एकत्रच मेले. त्या दिवशीच्या साऱ्या वाड्यात मला हा एकच माणूस असा दिसतो, ज्याच्या कानात कुणी काही सांगितलेले नव्हते.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष थेट रघुनाथरावाच्या माथी ठेवला. देहान्त प्रायश्चित्तावाचून याला दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांनी तोंडावर सांगितले, अशी परंपरा आहे. त्यांनी पुणे सोडले, ही तर साऱ्यांना माहीत असलेली गोष्ट. आमच्या सगळ्या तपासनिसांत मला हा माणूस श्रेष्ठ वाटतो, कारण त्यांनी खाडाखोड शोधण्यावर वेळ घालवून मूळ सही करणाराला सोडले नाही. शस्त्रधारी, पगार थकलेले, पैशाला विकले गेलेले लोक एका मुलावर सोडायचे आणि कागदावर फक्त 'धरावे' लिहायचे, यातच 'मारावे' लिहिलेले होते. त्याला वेगळी शाई लागत नव्हती. आनंदीबाईने अक्षर बदलले असेल किंवा नसेल. पण तिच्या नावाची सोय अशी झाली की राघोबाला आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्या पुरुषांना थोडेसे पाठीमागे उभे राहता आले. खाडिलकरांच्या १९०९ च्या 'भाऊबंदकी'ने ती रंगभूमीवर अशी काही उभी केली, केशवराव दात्यांनी ती अशी काही वठवली, की पुढच्या पिढ्यांना दुसरी आनंदीबाई दिसणेच अवघड झाले.

अखेर वस्त्रे मिळाली. वहीतले दुसरे सदर भरले. पण सत्ता हाती राहिली किती? नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन तिला पुरंदरावर नेले. हेच ते बारभाई. १७७४ च्या मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबाने त्र्यंबकराव मामा पेठ्यांना हरवले, त्या लढाईत मामा कामी आले. तरवार अजून चालत होती. पण १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला वस्त्रे मिळाली. पाळण्यातल्या पोराने राघोभरारीला हरवले. गरोदर आनंदीबाईला धारला ठेवून तो गुजरातेकडे निघाला. १७७५ च्या जानेवारीत तिला धारला मुलगा झाला. त्याचे नाव आजोबाचे ठेवले, बाजीराव.

आता त्याला आयुष्यातला सर्वांत सभ्य इयागो भेटला. त्याचे नाव मुंबईचे इंग्रज. त्यांना राघोबाच्या न्याय्य हक्काबद्दल फार कळवळा होता. ६ मार्च १७७५ ला सुरतेला तह झाला. फौजेच्या मदतीच्या बदल्यात राघोबाने साष्टी आणि वसई लिहून दिली. वसई! सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीची नव्हे, अवघ्या छत्तीस वर्षांपूर्वीची, १७३९ सालची ती चिमाजीअप्पाची वसई, सख्ख्या काकाने रक्त सांडून घेतलेली. पुतण्याने ती काकाच्या पश्चात सहीनिशी देऊन टाकली. पुढची सात वर्षे इंग्रज आणि मराठे लढले. पुरंदरचा तह झाला, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना मान खाली घालावी लागली, पुन्हा लढाई पेटली. राघोबा या काळात माणूस उरला नव्हता, दस्तऐवज झाला होता. ज्याच्या हाती तो असेल त्याने तो पुढे करायचा.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला आणि दस्तऐवजाचे काम संपले. इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. महिना पंचवीस हजार रुपये तनखा आणि हवे तिथे राहण्याची मुभा, एवढे त्याच्या वाट्याला आले. बँकेत असताना मी निवृत्तिवेतनाच्या रांगेत बसलेली पुष्कळ माणसे पाहिली. एकेकाळचे फौजदार, मामलेदार, मुख्याध्यापक, आता काठी टेकत सही जुळते का बघत बसलेले. अटकेपर्यंत घोडी नेलेला माणूस मला त्या रांगेत बसलेला दिसतो. त्याने गोदावरीकाठचे कोपरगाव निवडले. ११ डिसेंबर १७८३ ला तो तिथेच वारला. वय अवघे एकोणपन्नास.

आनंदीबाई त्याच्यामागे दहा वर्षांहून अधिक जगली, नानांच्या पहाऱ्यात, मुलांना घेऊन. १७९४ साली ती गेली. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून गेला. त्या मृत्यूवर खाडिलकरांनी तरुणपणी जे नाटक लिहिले, त्यात त्यांनी केशवशास्त्री हा कानभरणी करणारा खलपुरुष घातला, तो तर उघडउघड इयागोच्या कुळातला. १७९६ च्या अखेरीस वस्त्रे राघोबाच्या मुलाला मिळाली. दुसरा बाजीराव. आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला तो कुठे? वसईला. बापाने लिहून दिलेल्या गावी मुलगा आश्रयाला गेला. १८१८ साली सगळेच आटोपले.

हे सगळे आनंदीबाईने एका अक्षराने केले, असे म्हणायला माझे मन घेत नाही. सखारामबापू, गारद्यांशी बोली करणारे हस्तक, सुरतेचे सभ्य साहेब, कुणी एकटा यातला खलपुरुष नाही. ते सगळे अर्धी वाक्ये बोलत होते. ती पुरी करणारा नेहमी एकच होता. इयागो बाहेरून येतो हे खरे, पण त्याला दार उघडून आत घेणारा आतच बसलेला असतो. राघोबाने आयुष्यभर स्वतःला सांगितले की मी फक्त 'धरावे' म्हटले होते. मीही वीस वर्षे स्वतःला सांगत होतो की मी फक्त देखरेख असावी एवढेच लिहिले होते.

गेल्या हिवाळ्यात सप्तशृंगीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर नातवाला घेऊन मुद्दाम कळवणला उतरलो. शाखा आता दुसऱ्या इमारतीत गेली आहे, काउंटरवर संगणक आहेत, कुणी ओळखीचे नाही. धोडप मात्र होता तिथेच आहे, माथ्यावरच्या खिंडारासकट. नातवाने विचारले, आजोबा, तिथे काय झाले होते? मी सांगितले की तिथे एका शूर माणसाला धरले होते. त्याने विचारले, कुणाचे ऐकून तो तिथे गेला होता? मुले बरोबर प्रश्न विचारतात. मी त्याला त्या रोखपालाची गोष्ट सांगितली. घरात ती मी पहिल्यांदाच सांगत होतो.